बार्शीचं विरजण

मंजिरी डोईफोडेला तिच्याच संडासानं नापास केलं, तो मंगळवार होता.

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी भिंतीतल्या छोट्या पडद्यावर आकडा उमटला. १९. आकड्याशेजारी ओठ दुमडलेला एक पिवळा चेहरा आणि खाली ओळ : ‘प्रिय मंजिरी, तुम्ही अजून आपल्या देशात रुळलेल्या नाही. मनापासून प्रयत्न करा!’ उद्गारचिन्हाच्या टिंबाच्या जागी फूल काढलं होतं. ते फूल काढायचा कुणालातरी पगार मिळत असणार, या विचारानंच मंजिरीचं डोकं तडकलं.

तिनं टॉवेल फेकला. तो पडद्यावर जाऊन लटकला. टॉवेलखालून गोड बायकी आवाज आला, "आपला दिवस आनंदात जावो."

"तुझा मुडदा बशिवला," मंजिरी म्हणाली. बार्शीत हे वाक्य दिवसातून चारदा कानावर पडतं. कमोडला उद्देशून म्हणायची वेळ बहुधा पहिलीच.

ओस्टरलुंड हा उत्तरेकडचा एक लहानसा देश. नेमका नकाशाच्या घडीवर येतो, त्यामुळे बहुतेक नकाशांत त्याच्या जागी भोक असतं. देश नीटनेटका, श्रीमंत आणि म्हातारा. दोन हजार त्रेचाळीस साली तिथल्या निम्म्या लोकांच्या तोंडात स्वतःचे दात नव्हते. कवळ्या यंत्रं छापत होती, पण छापलेली कवळी तोंडात बसवणं काही यंत्राला जमलं नव्हतं. वरची दाढ खालच्या दाढेवर कुठे टेकते, हिरडी कुठे सोलवटते, जीभ कुठे अडखळते, हे बोटांनी चाचपूनच घासावं लागतं. आणि ओस्टरलुंडमधल्या तरुणांना दुसऱ्याच्या तोंडात बोट घालायची हौस नव्हती. म्हणून त्यांनी जगभर जाहिरात दिली. बार्शीत भगवंताच्या देवळामागच्या गल्लीत ‘डोईफोडे डेंटल लॅब’ म्हणून दोन खोल्या आहेत. तिथे वडिलांच्या हाताखाली नऊ वर्षं कवळ्या घासलेली मंजिरी, वय एकोणतीस, तेवीस किलोंची एक बॅग घेऊन एकटीच हेल्म शहरात उतरली.

सहाव्या मजल्यावर एका खोलीचं घर मिळालं. खिडकीतून समुद्र दिसायचा, म्हणजे ज्या दिवशी काही दिसायचं त्या दिवशी. आणि घरात सरकारी कमोड होता.

त्या कमोडमागचं शास्त्र खोटं नव्हतं, हाच खरा वैताग होता. माणसाच्या आतड्यात अब्जावधी जिवाणूंची वस्ती असते. त्यातले कोणते टिकतात आणि कोणते गाशा गुंडाळतात, हे बरंचसं आपण काय खातो त्यावर ठरतं. माणूस देश बदलतो, ताट बदलतं, आणि काही महिन्यांत आतली वस्तीही बदलायला लागते. जुने भाडेकरू निघून जातात, तिथले स्थानिक येऊन राहतात. हे सगळं आधीपासून माहीत होतं. ओस्टरलुंडच्या शास्त्रज्ञांनी एवढंच केलं, की जिवाणूंची जनुकं वाचणारं यंत्र कमोडमध्ये बसेल इतकं लहान केलं. ते रोज हजेरी घ्यायचं. कोण आहे, किती आहे, कालच्यापेक्षा वाढला की घटला. मग ती यादी अस्सल ओस्टरलुंडी पोटांच्या यादीशी ताडून बघायचं आणि शंभरपैकी गुण द्यायचं. याला म्हणायचं रुळांक.

शास्त्रज्ञांनी अहवालाच्या शेवटी तळटीप दिली होती, की पोट रुळलं म्हणजे माणूस रुळला असं उलटं अनुमान काढू नये. तळटीप बारीक अक्षरात होती आणि मंत्रिमहोदयांचा चष्मा त्या दिवशी घरी राहिला होता. त्यांना कल्पना फारच आवडली. भाषेची परीक्षा घोकून पास होता येते, मुलाखतीत देशावर प्रेम असल्याच्या थापा मारता येतात. आतड्याला थापा मारता येत नाहीत. कायदा झाला. बाहेरून आलेल्यानं अठरा महिन्यांत साठ गाठायचे आणि पुढेही टिकवायचे. तेही एका दिवसाचे नाहीत, सलग सहा महिन्यांची सरासरी, म्हणजे कुणी शेवटच्या आठवड्यात अभ्यास करून पास व्हायला नको. नाही गाठले तर परतीचं तिकीट सरकारकडून सप्रेम.

मंजिरीचा चौदावा महिना चालू होता.

आणि घोडं अडलं होतं दह्यावर. बाकी सगळं तिनं केलं होतं. राईचा काळा पाव खाल्ला, जो पहिल्या दिवशी तिला दाराला अडकण म्हणून ठेवलेला ठोकळा वाटला होता. खारवलेली हेरिंग खाल्ली. उकडलेले बटाटे तर इतके खाल्ले की मातीखालचं सगळं तिला नात्यातलं वाटायला लागलं. पण दोन्ही वेळा वाटीभर घरचं दही, ते सुटलं नव्हतं. निघायच्या आधी आईनं सुती फडक्याचा तुकडा दह्यात बुडवून सावलीत खडखडीत वाळवला होता आणि ब्लाउजपीसच्या घडीत घालून दिला होता. इथं आल्यावर कोमट दुधात तो टाकला, दुसऱ्या दिवशी दही. त्यातलं चमचाभर पुढच्या दुधाला. आईला हे विरजण तिच्या सासूनं दिलेलं. सासूला कुणी दिलं ते विचारायची कुणाची छाती झाली नव्हती.

त्या दह्यातला एक जिवाणू ओस्टरलुंडच्या यादीत नव्हता. दह्यातले जिवाणू पोटात कायमचं घर करत नाहीत, दोन-तीन दिवसांत जातात. पण रोज खाल्लं की रोज हजेरीला उभे. कमोड रोज त्यांना बघून दचकायचा आणि रोज गुण कापायचा.

"मग सोड की दही," आई फोनवर म्हणाली. "दह्यापायी नोकरी घालवायलीस का?"

"आई, मी त्यांच्या म्हाताऱ्यांच्या तोंडात हात घालून दात बसवते. साडेतीनशे माणसं मी घासलेल्या दातांनी जेवतात इथं. आणि हे माझ्या पोटात वाकून बघायलेत!"

"बघू दे की. काय दिसणारंय त्यांना?"

"तेच तर! काय दिसतंय ते मला रोज सकाळी लिहून दाखवायलेत. फूल काढून."

आई म्हणाली, "दही नीट लागतंय ना पण? थंडीत ब्लँकेट गुंडाळून ठेवत जा त्याला."

उपदेश करायला प्रसाद बोकील होता. डोंबिवलीचा, वय सदतीस, बंदरातल्या क्रेनचं सॉफ्टवेअर सांभाळायचा. हेल्ममधला दुसरा मराठी माणूस म्हणजे तोच. त्याचा रुळांक होता एक्याण्णव आणि तो हा आकडा नावापुढे पदवी लावावी तसा सांगायचा. रविवारी त्यानं मंजिरीला जेवायला बोलावलं.

"तुला सांगतो मंजिरी, मी जन्मात अंडं खाल्लं नव्हतं," आंबवलेल्या माशाचा डबा उघडत तो म्हणाला. खोलीत असा वास सुटला की खिडकीबाहेरच्या समुद्रपक्ष्यानं जागा बदलली. "आता हा खातो. नाक दाबून नाही हां, आवडीनं. मन मोठं करावं लागतं."

"तुमचे डोळे पाणावलेत."

"ते आवडीनंच."

"बोकील, शेवटचा वरणभात कधी खाल्लात?"

प्रसादनं इकडेतिकडे पाहिलं. उठला, संडासाचं दार घट्ट लावून आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "दोन वर्षं, सात महिने."

"आणि चहा?"

"त्याच्याबद्दल नको ना बोलूया." मग दाराच्या दिशेनं तोंड करून तो मोठ्यानं म्हणाला, "इथं राहायचं तर इथल्यासारखं व्हायला नको का माणसानं? मला तर बुवा फार आवडतं इथलं!"

त्याच्यावर ओरडावं की त्याला समोर बसवून भात भरवावा, हे मंजिरीला ठरवता येईना. त्यामुळे ती आणखीच चिडून घरी आली आणि दोन वाट्या दही खाल्लं.

त्या हिवाळ्यात तिला मोठं काम मिळालं. हेल्मबाहेरच्या टेकडीवर म्हाताऱ्यांचं एक निवासस्थान होतं. चौसष्ट माणसं, सगळ्यांना एकदम नव्या कवळ्या. नवी कवळी म्हणजे नवा बूट. पहिले पंधरा दिवस हिरड्या सोलून निघतात, चावता येत नाही. यासाठी बार्शीच्या लॅबमध्ये बाबांनी एक चिठ्ठी छापून ठेवली होती, ती कवळीसोबत फुकट मिळायची. मंजिरीनं तिचं जसंच्या तसं भाषांतर केलं. एक, रात्री कवळी पाण्यात ठेवावी. दोन, सुपारी पूर्ण बंद. तीन, पंधरा दिवस दहीभात.

चौसष्टही ओस्टरलुंडी म्हाताऱ्यांनी गंभीरपणे सुपारी सोडण्याचं वचन दिलं. तिसऱ्या कलमापाशी मात्र गाडी अडली. दहीभात म्हणजे काय? मंजिरीनं स्वतःचा डबा उघडून दाखवला. सिग्नेआजी नावाची अठ्ठ्याऐंशी वर्षांची, ताठ पाठीची बाई पुढे आली, जी दातांशिवायही चावायची. तिनं एक घास घेतला. मग उभ्या उभ्या सगळा डबा संपवला, चमचा चाटला आणि डबा परत देत म्हणाली, "उद्या मोठा आण."

"आजी, हा माझा जेवणाचा होता."

"म्हणून तर म्हणतेय, मोठा आण. आणि हे जे पांढरं आहे, याचं बी असतं का?"

आता विरजण मागितलं की नाही म्हणायचं नाही, हे मंजिरीला कुणी शिकवलं नव्हतं, ते तिनं श्वासासारखं घेतलं होतं. त्यांच्या गल्लीत कुलकर्णी आणि बारबोले यांचा गटारीवरून अकरा वर्षं कोर्टात दावा चालू होता. त्या अकराही वर्षांत दोन्ही घरांतून विरजणाची वाटी भिंतीवरून जात-येत होती. मंजिरीनं चमचाभर दही आजींच्या कपात घातलं. महिन्याभरात टेकडीवरच्या स्वयंपाकघरात रोज चाळीस लिटरचं दही लागायला लागलं. पंधरा दिवस उलटून गेले, हिरड्या बऱ्या झाल्या, पण दह्याचं पातेलं काही कुणी हलवू देईना.

मंजिरीला एकच गोष्ट ठाऊक नव्हती. रुळांक ज्या ‘अस्सल पोटांशी’ ताडून बघतात, ती पोटं कुठली? तर जी माणसं जन्मात देशाबाहेर गेली नाहीत अशांची. आणि अशी चौसष्ट माणसं एकाच छपराखाली सापडली, की रुळांक ठरवणाऱ्या खात्याला तेवढाच प्रवास वाचतो. दर जानेवारीत टेकडीवर एक गाडी यायची, चौसष्ट नमुने घ्यायची आणि त्यांच्यावरून यंत्राला नवा धडा द्यायची. या सगळ्यांच्यात समान काय ते शोध, तेच आपलं.

आजवर प्रत्येकाच्या पोटात थोडं इकडचं, थोडं तिकडचं असायचं. यंदा एक गोष्ट चौसष्टच्या चौसष्ट पोटांत, एकही अपवाद न करता, बसली होती. यंत्र बिचारं प्रामाणिक. त्यानं सगळ्यात जास्त गुण त्या गोष्टीला दिले.

जानेवारीच्या पंधरा तारखेला सकाळी मंजिरीच्या संडासात राष्ट्रगीत सुरू झालं. ते चालू असताना उभं राहायचा तिथे कायदा आहे. मंजिरी पायजमा सावरत उभी राहिली. पडद्यावर फटाके फुटत होते आणि मधोमध आकडा होता, ९४. मागच्या सहा महिन्यांचे नमुने नव्या यादीनं पुन्हा तपासले होते. ‘प्रिय मंजिरी, तुम्ही आपल्यातल्याच एक आहात!’

तिला आनंद झाला असता. पण त्याच सकाळी शहरातल्या चारशे बारा संडासांमध्ये रडके चेहरे उमटले. चारशे बारा माणसांनी महिनोन् महिने काळा पाव आणि मासे गिळले होते. त्यांची पोटं आता गेल्या वर्षीच्या देशात रुळलेली निघाली. सगळ्यांना पत्रं गेली, तीस दिवसांत निघा.

दुपारी दारावर टकटक झाली. बाहेर प्रसाद बोकील उभा होता. हातात रिकामी वाटी.

"थोडं विरजण मिळेल का?" तो म्हणाला.

तीन वर्षांत त्याच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदाच बाहेर आला असणार, कारण म्हणताना तो अडखळला. त्याचा आकडा एकवीस झाला होता.

"तुम्हाला कसं कळलं, दह्यामुळे झालंय ते?"

"क्रेनचं असलं तरी मी सॉफ्टवेअरवालाच आहे ना. नवी यादी उघडून बघितली. वरचा जिवाणू शोधला, तर तो फक्त दोन ठिकाणी. टेकडीवर आणि तुझ्या घरी."

मंजिरीनं वाटी भरली. म्हणाली, "बोकील, सहा महिन्यांची सरासरी आहे. तीस दिवसांत काही होणार नाही यानं."

"माहितेय मला." तो जिन्याच्या पायरीवर बसला आणि बोटानंच दही खायला लागला. अर्धी वाटी संपल्यावर म्हणाला, "आमच्याकडचं इतकं आंबट नसतं."

"मग डोंबिवलीहून मागवा!"

"चिडू नकोस गं. आंबट आहे एवढंच म्हटलं." त्यानं वाटी चाटूनपुसून स्वच्छ केली. "तीन वर्षं मी यांचं सगळं ऐकलं मंजिरी. सगळं. भाताच्या वासानं तोंडाला पाणी सुटेल म्हणून एका रेस्टॉरंटवरून जायचा रस्तासुद्धा बदलला. आणि तू काहीच ऐकलं नाहीस, आणि तू पास."

मंजिरीला राग आला, आणि या वेळी तो कुणावर फेकायचा ते तिला नीट कळलं.

आईला मात्र पटलं नाही. "गप बस की मग. देवानं दिलंय, घ्यावं. तू कुणाचं काही चोरलंस का?"

"नाही. पण त्यांनी चोरलंय. पेपरात काय आलंय वाचू का? ‘आपल्या पूर्वजांचं दही : टेकडीवर जपलेला ओस्टरलुंडचा प्राचीन वारसा.’"

"पूर्वजांचं?" आई म्हणाली. "माझ्या सासूबाईंचं दही यांच्या पूर्वजांचं? जा आधी आणि सांग त्यांना!"

रुळवणूक खात्यात तिला टोरविक नावाचे अधिकारी भेटले. पन्नाशीचे, अतिशय सभ्य. ते हसले तेव्हा मंजिरीनं त्यांचे वरचे चार दात ओळखले. ते तिनंच डिसेंबरात घासले होते.

"ही यादी चुकली आहे," ती म्हणाली. "ते दही माझं आहे. बार्शीचं. मी टेकडीवर नेलं."

"ते अशक्य आहे." टोरविक पुन्हा तिच्याच दातांनी हसले. "कायद्यात व्याख्या आहे. ज्येष्ठांच्या पोटात जे आहे, ते आपलं. हे ज्येष्ठांच्या पोटात आहे."

"मग सिग्नेआजींना विचारा ते कुठून आलं."

"विचारलं. त्या म्हणाल्या, लहानपणापासून खाते."

मंजिरी तिथूनच टेकडीवर गेली. सिग्नेआजींनी नजर चुकवली नाही. "खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "परदेशी म्हटलं असतं तर पातेलं जप्त करून नेलं असतं त्यांनी. अठ्ठ्याऐंशी वर्षं बटाटे खाल्लेत पोरी. माझ्याकडून देशभक्तीची अपेक्षा करू नकोस."

दुसऱ्या दिवशी ती परत टोरविकसमोर. यावेळी त्यांनी फाईल मिटली आणि जरा पुढे वाकले. "समजा, तुमचं खरं निघालं. ही यादी रद्द होईल, गेल्या वर्षीची पुन्हा लागू. तुमचा आकडा परत एकोणीस. तुमच्या अठरा महिन्यांना सात आठवडे उरलेत. हे लक्षात घेऊन बोलताय ना?"

"घेऊनच बोलतेय."

"का?"

"कारण मी कवळी बसवते. चाव चुकला असेल तर माणूस कितीही गोड हसला तरी मी ती तोंडात राहू देत नाही. पुरावा काय लागेल ते सांगा."

पुरावा म्हणजे अर्ज क्रमांक सतरा. मूळ देशातल्या जवळच्या नातेवाईकाचा नमुना. खात्यानं बार्शीला एक सीलबंद डबी पाठवली.

"मी? डबीत? आणि कुरिअरनं?" आईचा आवाज चिरकला. "मंजे, माझी काय इज्जत ऱ्हायली गं?"

"आई, चारशे बारा माणसांचा प्रश्न आहे."

"चारशे बारा माणसं? वाट बघायलीत? माझ्या?"

"हो."

फोनवर सुस्कारा ऐकू आला. "तुझ्या बाबांना घराबाहेर काढते तासभर."

कुरिअरच्या काउंटरवरच्या माणसानं विचारलं, काकू, आत काय आहे? आई म्हणाली, "पोरीला पाठवायलेय, घरचंच आहे." त्यानं ‘खाद्यपदार्थ’ असं लिहिलं.

निकाल आला तो तिसाव्या दिवसाच्या आदल्या दिवशी. बार्शीच्या डोईफोडे काकूंचा रुळांक नव्याण्णव. हा आकडा ओस्टरलुंडच्या इतिहासात कुणालाही मिळाला नव्हता, सिग्नेआजींनाही नाही. लग्न झाल्यापासून दोन्ही वेळा तेच दही, दुसरं काय होणार. इतके गुण मिळवणाऱ्या बाईची नागरिक म्हणून नोंदच नाही, हे बघून यंत्रणेनं स्वतःहून चूक दुरुस्त केली. बार्शीच्या पत्त्यावर नागरिकत्वाचं कार्ड आणि वाचनालयाचा पास रवाना झाला. सोबत जन्मापासून एकदाही मतदान न केल्याबद्दल कडक ताकीद.

टोरविकच्या टेबलावर त्या ताकिदीची प्रत पडली होती. ते तिच्याकडे बघत नव्हते.

"तुमच्या आई," ते म्हणाले, "आपल्या देशात कधी आल्या होत्या का?"

"ती सोलापूरच्या पुढे गेलेली नाही. बोट लागते म्हणून तळ्यातल्या होडीतसुद्धा बसत नाही. आणि तुमचं यंत्र म्हणतंय, या देशात तिच्याइतकं मूळचं कुणीच नाही. बाहेर ते बोकील बसलेत. तीन वर्षं तुमच्या क्रेन चालवल्या, तुमचा तो डबा उघडला की भिंतींचा रंग उडतो तो मासा गिळला, चहा सोडला हो, चहा! तुम्हाला कळतंय का काय सोडलं ते? त्यांना तुम्ही परके ठरवलंत. विचारलंत कुणी त्यांना, की बाबा रे, तुझा शेजारी कोण, तुझी बस कुठली, तू आजारी पडलास तर फोन कुणाला करतोस? नाही. तुम्ही त्यांच्या पोटाला विचारलंत, आणि पोटाची भाषा तुम्हाला येत नाही!"

टोरविकनी फोन उचलला. वरच्या अधिकाऱ्याशी बोलले, मग त्यांच्या वरच्याशी. खाली ठेवला तेव्हा कपाळावर घाम होता. यंत्र तूर्त बंद. नवी यादी रद्द आणि जुनीही संशयित. पुढचा हुकूम येईपर्यंत प्रत्येक फाईल माणसानं वाचायची, प्रत्येक पत्र हातानं लिहायचं.

"चारशे बारा फाइली आहेत," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात एक समिती नेमू."

"त्यांची विमानं उद्या आहेत."

"मला कल्पना आहे. खेद आहे." त्यांनी शिक्का पुढे ओढला. "तुमचं मात्र आत्ताच करून टाकतो. तुम्ही खरं बोललात, तेही स्वतःचं नुकसान ओढवून. मला अधिकार आहे. कायम परवाना. उभ्या उभ्या."

शिक्का तिच्या फाइलीपासून चार बोटांवर होता. मंजिरीनं त्याच्याकडे पाहिलं. सहावा मजला, समुद्राची खिडकी, साडेतीनशे तोंडं. एवढं सगळं त्या चार बोटांत मावत होतं.

तिनं फाईल शिक्क्याखालून काढली, उठली आणि टेबलासमोर फरशीवर मांडी घालून बसली.

टोरविक अर्धवट उभे राहिले. ओस्टरलुंडच्या सरकारी कार्यालयात कुणी फरशीवर बसत नाही. त्यांनी नियमावली चाळली. कुणी आडवं पडलं तर रुग्णवाहिका, कुणी धावलं तर सुरक्षारक्षक. बसलेल्या माणसाबद्दल एक अक्षर नव्हतं.

"हे काय करताय?"

"ठिय्या."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही लिहिणार आणि मी बसणार. चारशे बारा झाल्या की माझी. सगळ्यात खाली."

दार किलकिलं झालं. प्रसादनं आत डोकावून पाहिलं, तिच्याकडे, मग फरशीकडे. "इथं बसायला परवानगी आहे का गं?" त्यानं विचारलं.

"नाही."

तो आत आला. गुडघ्यांचा कडकड आवाज करत तिच्या शेजारी मांडी घालून बसला. त्याच्यामागून व्हरांड्यात नोटिसा घेऊन बसलेली आणखी माणसं एकेक करून आत आली आणि जागा मिळेल तिथे टेकली.

टोरविकनी पेन काढलं. पहिलं पत्र लिहून वाचून दाखवलं. "प्रिय प्रसाद बोकील, आपणांस कळवण्यात येते की, आपली नोटीस मागे घेण्यात आली आहे."

"माफी कुठंय?" मंजिरी म्हणाली.

"तसा मसुदा नाही आमच्याकडे."

"मग करा."

त्यांनी लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं आणि वाचून दाखवलं. प्रसादनं पत्र दोन्ही हातांनी घेतलं, घडी न घालता छातीशी धरलं, आणि उठून जायच्या ऐवजी तिथंच बसून राहिला.

"बाई, चार वाजता इथले दिवे आपोआप बंद होतात," टोरविक म्हणाले. "काही दिसणार नाही."

"हात हलवला की परत लागतात," मंजिरी म्हणाली. "मला काय सांगता? सतरा महिने झाले इथं राहतेय मी. पुढची फाईल घ्या."